प्रतिसाद: चढाची धास्ती आणि जुनी रेल्वे

किनारा सोडून डोंगरात शिरले की सायकलस्वाराला मोटारींच्या रस्त्यावरून दम लागेस्तोवर चढावे लागते, हे मत स्पेनच्या कातालोनियातील जिरोना परिसराला तरी लागू होत नाही. तेथील अरुंद रुळांची रेल्वे १९६९ मध्ये बंद पडली आणि तिच्याच मार्गावर आता सायकलवाट आहे: ज्वालामुखींच्या परिसरातील ओलोत शहरापासून जिरोनापर्यंत सुमारे ५४ किलोमीटर आणि तेथून समुद्रकाठच्या सांत फेलिऊपर्यंत सुमारे ४० किलोमीटर. छोट्या वाफेच्या इंजिनाला जो चढ झेपत असे तो सामान लादलेल्या सायकललाही झेपतो, इतके साधे गणित आहे. ओलोतहून निघाल्यावर आधी थोडे चढावे लागते, मग मात्र जिरोनापर्यंत बहुतेक उतारच. वाट बव्हंशी दाबलेल्या मातीची असल्यामुळे शर्यतीच्या सायकलचे बारीक टायर (माझा हट्ट होता, तो महागात पडला) तेथे नेऊ नयेत.