जपानमधील ‘८०५०’ प्रश्न: वृद्ध पालक आणि घरात कोंडलेली प्रौढ मुले

प्रश्न: जपानमध्ये ऐंशीच्या घरातले आई-वडील आपल्या निवृत्तिवेतनावर, वर्षानुवर्षे समाजापासून तुटलेल्या पन्नाशीतल्या मुलांना सांभाळतात, असे वाचले. ही कुटुंबे मदत का मागत नाहीत?

प्रतिसाद १: लोकलज्जा आहेच, पण १९९०च्या दशकात अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यानंतर पदवी घेतलेल्या अनेकांना कायमची नोकरी मिळाली नाही, आणि तिथल्या कंपन्या प्रामुख्याने नव्या पदवीधरांचीच एकत्रित भरती करत असल्याने हुकलेली संधी त्यांना सहसा पुन्हा मिळाली नाही. अशांना आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २: सहमत. शिवाय सरकारची आधीची पाहणी ३९ वर्षांपर्यंतच्याच लोकांची होती, म्हणजे त्यापुढच्या वयाची माणसे मोजलीच जात नव्हती. २०१९मध्ये ४० ते ६४ वयोगटात अशा सुमारे ६ लाख १३ हजार व्यक्ती असल्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा कुठे या प्रश्नाची व्याप्ती लोकांसमोर आली.

प्रतिसाद ३: एकाकीपणाविरोधी कायदा एप्रिल २०२४पासून लागू आहे. मात्र पालक गेल्यावर या मुलांचे उत्पन्नच थांबते, त्यामुळे समुपदेशनाइतकीच थेट आर्थिक मदतही आवश्यक आहे.