मदत हवी आहे: पितृपक्षात टोकन द्यावं की दसऱ्यापर्यंत थांबावं? (पुणे, टू बीएचके)

जाईजुई:

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं इथे नुसतीच वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं आणि सासूबाई असे तिघं पुण्यात भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार नोव्हेंबरात संपतोय. घरमालकांचा मुलगा परत येणार असल्याने पुढे वाढवून मिळणार नाही. वर्षभर शनिवार-रविवार घरं बघून शेवटी दोनांवर आलोय.

एक सिंहगड रोडला, विठ्ठलवाडीच्या बाजूला. रीसेल, इमारत १८ वर्षांची, दुसरा मजला, लिफ्ट आहे. मागणी ८८ लाख. एजंट '८५० फूट' म्हणतो, मालकांच्या जुन्या करारात ५९.५ चौरस मीटर कार्पेट (म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) लिहिलंय. दुसरं पुनावळ्याला, बांधकाम चालू, ७८ लाख. ताबा 'टार्गेट' दोन वर्षांनी. दसऱ्याच्या मुहूर्तावर २० टक्के भरले तर मॉड्युलर किचन आणि सोन्याचं नाणं देणार म्हणतात. (नाणं किती ग्रॅमचं हे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा चहा आला.)

आमचा जीव पहिल्यावर आहे. पण एजंट रोज फोन करतो, "मॅडम, घट बसले की चार पार्ट्या येतायत. आत्ता दोन लाख टोकन टाका, ८७ला बसवून देतो." इकडे सासूबाईंचं म्हणणं, पितृपक्षात सुईसुद्धा घेत नाहीत, घर कसलं घेताय.

हातात २४ लाख आहेत. बँकेने ७० लाखांपर्यंत कर्जाला तोंडी होकार दिलाय. म्हणजे ९४. ८८चं घर घेऊन सहा लाख फर्निचरला उरतील असा आमचा हिशोब. दसऱ्यानंतर भाव खरंच चढतात का? काय करावं?

कागदीघोडा:

आधी हिशोब, मुहूर्त नंतर बघू. सहा लाख उरत नाहीत, उलट कमी पडतात.

३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. ८८ लाखांवर ७० लाख कर्ज मिळेल, पण वरचे १८ तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६.१६ लाख. नोंदणी ३० हजार. एजंटचा एक टक्का धरला तर ८८ हजार. बेरीज २५.३४ लाख. हातात २४. फर्निचर राहू द्या, रंगालाही उरत नाहीत. शिवाय बँक स्वतःचं मूल्यांकन करते. ते ८५ आलं तर ८० टक्के ८५चेच.

हप्ता साडेआठ टक्क्याने, वीस वर्षांसाठी, ७० लाखांवर महिना जवळपास ६०,७५०. तो दोघांपैकी एकाच्या पगारात बसतो का ते घरी बसून बघा. बँक दोघांचे पगार धरून होकार देते.

आणि ८५० फूट विसरा. ५९.५ ला १०.७६४ ने गुणलं की ६४० फूट. ८८ लाखाला हा दर कार्पेटवर १३,७५० पडतो. पुनावळ्याचा दरही कार्पेटवरच काढा, मग दोन्ही शेजारी ठेवा.

उगाचवाचक:

नोव्हेंबरात घर सोडायचंय आणि ताबा दोन वर्षांनी. मग दुसरा पर्याय हा पर्याय कसा? भाडं आणि हप्ता दोन्ही भरणार का?

आणि ते २० टक्के. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. तुमच्या केसमध्ये ७.८० लाख. किचन देऊन नियम मोडायला सांगणारा माणूस पुढे काय करील, तुम्हीच ओळखा. 'टार्गेट' ताबा म्हणजे सेल्सवाल्याची इच्छा. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून नोंदवलेली तारीख बघा, ती मुदत आधी वाढवून घेतली आहे का तेही कळतं. ७८वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३.९० लाख वेगळे. रीसेलला जीएसटी नाही.

तिसरामजला:

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नकळत तुमचं भलं केलंय.

पितृपक्षात ग्राहक फिरकत नाही, हे एजंटला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून तर रोज फोन येतो. चार पार्ट्या खऱ्या असत्या तर त्याने तुम्हाला एक लाख कमी करून कशाला दिला असता? हा पंधरवडा भाव करायला उत्तम, फक्त टोकन देऊ नका. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) काढा, आठ-दहा दिवस त्यातच जातात. घटस्थापनेला टोकन द्या. सासूबाईही खूश, वकीलही खूश.

टोकन देताना पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत, इतक्या दिवसांत. चेकने किंवा ऑनलाइन, मालकाच्या खात्यात. एजंटच्या नाही. माझ्या मेव्हण्याने व्हॉट्सॲपवरच्या 'डन' या एका शब्दावर दीड लाख दिले होते, अजून त्याच्या घरी तो शब्द कुणी उच्चारत नाही.

मालकाच्या डोक्यावर कर्ज आहे का ते विचारा. असेल तर मूळ कागद बँकेत असतात, त्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज मिटवायला किती रक्कम लागेल याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी मागा. सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) आहे का, थकबाकी नसल्याचा दाखला मिळतो का हेही बघा. ट्रान्सफर फीची कमाल मर्यादा २५ हजार आहे, कमिटीने 'डोनेशन' मागितलं तर हसून विषय बदला.

मुठाकाठ:

विठ्ठलवाडीची बाजू म्हणालात म्हणून लिहितोय. २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं. तुमची इमारत किती आत आहे माहीत नाही, पण नदीची निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा मजला म्हणून निर्धास्त राहू नका. मीटररूम, पाण्याचा पंप, लिफ्टची मोटार आणि तुमची गाडी, यांतलं काय काय तळमजल्यावर आहे? मालकाला विचारू नका, इस्त्रीवाल्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल कुठपर्यंत आलं होतं ते.

जाईजुई:

सगळ्यांचे आभार. हिशोब वाचून काल रात्री आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो.

इस्त्रीवाले काका भेटले. त्या इमारतीच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, नदीकडच्या पुढच्या गल्लीत आलं होतं. आता एकच विचारते. दर खरा किती हे कसं कळणार? एजंट म्हणतो, "तिकडे नव्वदच्या खाली काही नाही."

कागदीघोडा:

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन (व्यवहाराचा गोषवारा) दिसते, त्यात मोबदला लिहिलेला असतो. साइट रुसते, पहाटे बघा. एजंट मागतात ती किंमत आणि लोकांनी सही केली ती किंमत, यांत किती अंतर आहे ते तिथेच कळेल.

जाईजुई:

पाच दिवसांनी अपडेट. साइट चौथ्या दिवशी पहाटे पावली. त्याच इमारतीत, तेवढाच फ्लॅट, तिसरा मजला, मेमध्ये ८१ला नोंदलाय! प्रिंट काढून नेली आणि ८२ सांगितले. मालक आधी चिडले, मग म्हणाले की त्यांनीही दुसरीकडे बुकिंग केलंय, दिवाळीपूर्वी पैसे हवेत. शेवटी ८४.५०वर थांबलो. एजंट तेव्हापासून मला मॅडम न म्हणता ताई म्हणतो.

सर्च रिपोर्ट अजून यायचाय. तो स्वच्छ आला तर घटस्थापनेला टोकन. एक शंका राहिली: घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर शुल्क कमी लागतं म्हणतात, खरं का?

कागदीघोडा:

खरं. खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का सवलत. पतीचं नाव जोडलं की ती जाते. तुमचा हिशोब: ८४.५०चे ८० टक्के ६७.६० कर्ज, तुमचे १६.९०. संयुक्त नावावर शुल्क ५.९१५, नोंदणी ३० हजार, दलाली साडेचौऱ्याऐंशी हजार. एकूण २३.९६ लाख. २४ लाखांतून चार हजार उरतात, म्हणजे पेढे. फक्त तुमच्या नावावर घेतलं तर साधारण ८८ हजार उरतात.

पण पती मालक नसतील तर कर्जात सहअर्जदार असूनही त्यांना व्याजाची वजावट घेता येणार नाही. नव्या कर प्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावर वजावट नसतेच, तेव्हा तो प्रश्नच येत नाही. आणि किंमत ५० लाखांच्या वर आहे, म्हणून मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा. हे पैसे वरचे नाहीत, ८४.५०मधलेच आहेत. बरेच लोक विसरतात आणि मग नोटीस येते.

दलाली अर्ध्या टक्क्यावर आणा. 'ताई' म्हणतोय ना तो आता.