स्काय१३०: लेआउटनंतर ऑप-अँपचा फेज मार्जिन ६२ वरून ५३ अंशांवर येतो, कारण शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे (स्काय१३०) पीडीके, म्हणजे त्या प्रक्रियेत डिझाइन करण्यासाठीचे नियम आणि मॉडेले यांचा संच, २०२० मध्ये गूगलच्या सहकार्याने खुले झाले आणि गोपनीयतेचा करार न करता खऱ्या ट्रान्झिस्टर मॉडेलांवर काम करणे लहान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही शक्य झाले. मी त्याच पीडीकेवर पदव्युत्तर प्रकल्पासाठी दोन टप्प्यांचा मिलर कॉम्पेन्सेशन (स्थिरतेसाठी दुसऱ्या टप्प्यावर जोडलेला कपॅसिटर) असलेला ऑप-अँप, म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर, करत आहे. फेज मार्जिन म्हणजे फीडबॅकमध्ये तो अस्थिर होण्यापूर्वी फेजमध्ये उरलेली सूट. स्किमॅटिक एक्सस्केममध्ये, सिम्युलेशन एनजीस्पाइसमध्ये आणि लेआउट मॅजिकमध्ये आहे.

पुरवठा १.८ व्होल्ट, लोड ५ पिकोफॅरड, युनिटी गेन वारंवारता सुमारे १० मेगाहर्ट्झ. मिलर कपॅसिटर २ पिकोफॅरडचा असून तो २२ मायक्रॉन बाजूच्या दोन मिम (धातू-इन्सुलेटर-धातू) कपॅसिटरांचा आहे. त्याच्यासोबत एकसर जोडणीत पॉलिसिलिकॉनचा नलिंग रोधक (झिरोची जागा ठरवणारा) आहे. डीआरसी (लेआउटच्या नियमांची तपासणी) स्वच्छ आहे आणि नेटजेनच्या एलव्हीएसमध्ये (लेआउट आणि स्किमॅटिक यांच्या तुलनेत) दोन्ही नेटलिस्ट जुळतात. एक्स्ट्रॅक्शन करताना, म्हणजे लेआउटवरून नेटलिस्ट काढताना, मी आधी 'एक्स्ट-टू-स्पाइस एलव्हीएस' आणि त्यानंतर 'सीथ्रेश ०' अशाच क्रमाने आज्ञा देतो, कारण क्रम उलटा झाला तर 'एलव्हीएस'ची आज्ञा कपॅसिटन्सची किमान मर्यादा पुन्हा अनंत करते आणि नेटलिस्टमध्ये एकही पॅरासिटिक (लेआउटमुळे आपोआप येणारा) कपॅसिटन्स उरत नाही.

अडचण अशी आहे की दुसऱ्या टप्प्याच्या गेटच्या नोडवर मला एकूण १२० फेमटोफॅरडच्या आसपास पॅरासिटिक कपॅसिटन्स दिसतो आणि तो दुसऱ्या पोलच्या (जिथून फेज आणखी घटू लागतो त्या वारंवारतेच्या) सूत्रात घालून हाताने गणित केले, तर पोल सुमारे ८ टक्के खाली येऊन फेज मार्जिन जेमतेम दोन अंशांनी घटायला हवा. प्रत्यक्षात तो नऊ अंशांनी घटतो. कॉर्नर दोन्हीकडे टीटी (ट्रान्झिस्टरांची सर्वसाधारण स्थिती) आणि टेस्टबेंच तीच आहे. नुसता कॉम्पेन्सेशन कपॅसिटर वाढवून मार्जिन परत मिळवता येईल, पण कारण न कळता तसे करणे मला पटत नाही. उरलेले सात अंश कुठे शोधावेत? रोधांचेही एक्स्ट्रॅक्शन आधी करावे का?

प्रतिसाद:

कपॅसिटन्सचे तुमचे गणित बरोबर वाटते, म्हणूनच आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट तपासावा. तुमचा दुसऱ्या टप्प्याचा ट्रान्झिस्टर स्किमॅटिकमध्ये समजा ४० मायक्रॉन रुंद आणि आठ फिंगरांचा (समांतर पट्ट्यांचा) एकच घटक असेल, तर मॅजिक त्याचे ५ मायक्रॉनचे आठ स्वतंत्र ट्रान्झिस्टर लिहिते. या पीडीकेची मॉडेले लांबी-रुंदीनुसार बिनांमध्ये (गटांमध्ये) विभागलेली आहेत, आणि बिन एकूण रुंदीवरून निवडले जाते की एका फिंगरच्या रुंदीवरून, हे एनजीस्पाइसच्या 'डब्ल्यूएनफ्लॅग' या पर्यायावर अवलंबून असते. त्यामुळे एलव्हीएस जुळूनही दोन्ही नेटलिस्टांत जीएम (ट्रान्सकंडक्टन्स) वेगळा निघू शकतो.

सोपी कसोटी अशी: स्किमॅटिकमध्येच तो घटक काढून एकेका फिंगरचे आठ ट्रान्झिस्टर समांतर जोडावेत आणि एसी सिम्युलेशन पुन्हा चालवावे. तिथेच मार्जिन उतरला, तर लेआउटचा दोष नाही. इनपुट जोडीसाठीही हेच करावे, कारण पहिल्या टप्प्याचा जीएम वाढला तरी मार्जिन घटतो. त्यानंतर नलिंग रोधकाची लांबी आणि रुंदी दोन्ही नेटलिस्टांत ताडून पाहावी, कारण त्याचे मूल्य थोडे कमी झाले तरी झिरो (फेज सावरणारी वारंवारता) सरकतो. रोधांचे एक्स्ट्रॅक्शन या सगळ्यानंतर करावे. दोन्हीकडचे जीएमचे आकडे इथे दिलेत, तर पुढे पाहता येईल.