मदत हवी आहे : लंपनच्या पुस्तकांवरची जुनी समीक्षा

नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितोय. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी प्रकाश नारायण संत यांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं घेतली आहेत. विषय एवढाच : आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लंपनचं मोठं होणं समीक्षकांनी कसं वाचलं?

पुस्तकं आहेत, वाचूनही झाली. अडलंय ते समीक्षेपाशी. नेटवर शोधलं तर बहुतेक सगळं या पुस्तकांवरच्या २०२४च्या 'लंपन' वेबमालिकेबद्दलच. इफ्फी या चित्रपट महोत्सवात तिला पुरस्कार मिळाल्यापासून तर इथे गोव्यात लंपन म्हटलं की लोक मालिकेचंच बोलतात! मला हवंय ते 'वनवास' आलं तेव्हाचं, म्हणजे १९९४ ते साधारण २००५पर्यंतचं लेखन. पणजीत जुन्या मासिकांचे गठ्ठे चाळले, पण नेमके हवे ते अंक सलग नाहीत. सर म्हणतात, कौतुकाचे लेख पुरे, कोणी आक्षेप घेतलाय का ते शोध. बरोबरच आहे त्यांचं. बेळगावकडच्या त्या कानडीमिश्रित बोलीवर सगळे खूश, पण रचनेबद्दल कोणी फारसं बोलताना दिसत नाही.

महिनाअखेरीस मसुदा द्यायचाय, त्यामुळे पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही. स्कॅन किंवा फोटो चालेल. नुसतं मासिकाचं नाव आणि अंक कळला तरी पुढचं मी बघतो.

तर, ही पुस्तकं मुलांसाठीची की मुलाविषयीची, सुट्या कथा की एकच कादंबरी, यावर त्या काळात कोणी सविस्तर लिहिलंय का? आणि कुठल्या अंकात?