एसएमए टाइप १ : सॅच्युरेशन उतरलं की आधी ऑक्सिजनच लावायचा का?

होमकेअर सिस्टर
बाळ १४ महिन्यांचं, एसएमए टाइप १ (स्नायू लुळे पडत जाण्याचा जनुकीय आजार, त्याचा गंभीर प्रकार). रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन), नाकातून फीडिंग ट्यूब. पॅलिएटिव्ह टीमच्या (गंभीर आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या गटाच्या) मदतीने घरीच सांभाळायचं असं पालकांनी ठरवलंय. सर्दी झाली की सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९१-९२ वर येतं, घरातले लगेच ऑक्सिजन लावतात. आकडा चढतो, पण बाळ सुस्त पडतं, कपाळाला घाम येतो. नेमका क्रम काय ठेवावा? आणि मॉर्फीनचं (धाप आणि दुखण्यावरच्या अफूजन्य औषधाचं) नाव काढलं की आईबाबा घाबरतात, त्यांना काय सांगू?

श्वसन फिजिओ
सिस्टर, आकडा चढला म्हणजे बाळ सावरलं असं नाही. बरगड्यांमधले स्नायू लुळे असल्याने एकटा श्वासपटल श्वास ओढतो, म्हणून श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती आत जाते. खोकल्यात जोर नसतो. त्यामुळे सॅच्युरेशन उतरलं की पहिला संशय कफाचा. नुसत्या ऑक्सिजनने आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. सुस्ती आणि घाम बहुधा त्याचाच.

आधी कफ असिस्ट (मास्कमधून हवा आत भरून लगेच बाहेर ओढणारं, खोकल्याचं काम करणारं मशीन). दाब टीमने ठरवून दिलेलाच, सहसा हवा भरताना अधिक आणि ओढताना उणे ३० ते ४० सेंमी पाणी (हे हवेच्या दाबाचं माप). पाच श्वास, लगेच सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), थोडी विश्रांती. असे चार-पाच सेट. मग बायपॅप. तरीही ९४ च्या खाली राहिलं तर बायपॅपच्या नळीतच ऑक्सिजन जोडायचा आणि टीमला फोन करायचा. फीड झाल्या झाल्या कफ असिस्ट लावू नका, उलटी फुप्फुसात जाते.

मशीन चालू असूनही कफ येत नसेल तर हनुवटीपाशी हात धरून बघा. बहुतेक वेळा हवा तिथूनच निसटते. मास्क बरोबर बसला की छाती फुगताना डोळ्यांनी दिसते. आणखी एक, टाइप १ च्या बाळाला उशांवर उंच बसवलं तर श्वास जड होतो. सपाट किंवा कुशीवरच बरं.

बाल पॅलिएटिव्ह डॉक्टर
वरचा क्रम बरोबर आहे. आजारपणात चार-सहा तासांहून जास्त उपाशी ठेवू नका. अंगात स्नायूच कमी, साखर पटकन उतरते.

पालकांना सांगा, मॉर्फीन धाप आणि तिची घालमेल कमी करण्यासाठी आहे. धापेसाठीचा डोस दुखण्याच्या डोसाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. तो वजनावर ठरतो आणि हळूहळू वाढवतात; असा मोजून दिला तर आयुष्य कमी होत नाही. खरी चूक होते ती मिलिग्रॅम आणि मिलिलिटरच्या घोळात. नवी बाटली आली की तिची तीव्रता (एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम) दर वेळी वाचा आणि सिरिंजवर मार्करने रेघ मारा. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, कारण गच्च पोट श्वासपटलाला वर दाबतं. लाळ कमी करायला ग्लायकोपायरोलेट हे औषध चालू असेल तर जपून: डोस जास्त झाला की कफ चिकट होतो, सक्शनला येत नाही.

पॅलिएटिव्ह समुपदेशक
तातडीच्या वेळी काय करायचं, काय नको (घशात नळी, आयसीयू), हे एका कागदावर डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्या. एक प्रत बेडजवळ, एक बॅगेत. ही बोलणी बाळ बरं असताना करा, धाप लागलेली असताना नाही. पालकांचं मन कधीही बदलू शकतं आणि कागदही बदलता येतो, हे त्यांना मुद्दाम सांगा. घरात मोठं भावंड असेल तर त्याच्याशी वेगळं बोला. ‘माझ्या सर्दीमुळे बाळ आजारी पडलं’ हे ओझं मुलं न बोलता वाहत असतात.