न वटलेला चेक कुठे गेला?

अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचा लढा फक्त वर्णभेदाविरुद्ध होता, आर्थिक मुद्दे डाव्यांनी मागून चिकटवले, असं काही जण म्हणतात. पण २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या मोर्चाचं नावच 'रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी' असं होतं. मागण्यांमध्ये तासाला किमान २ डॉलर वेतन होतं; तेव्हा कायद्याने मिळत होते १.१५. तिथल्या त्यांच्या 'माझं एक स्वप्न आहे' या गाजलेल्या भाषणातही आधी येतो तो अमेरिकेने जणू कृष्णवर्णीयांना दिलेला आणि खात्यात शिल्लक नाही म्हणून परत आलेला चेक. स्वप्न बरंच नंतर. टीव्हीवर वाजतो तो फक्त शेवटचा तुकडा, गोम तिथेच आहे.

१९६७ मध्ये त्यांनी हमी उत्पन्न मागितलं, तेही नुसतं जगण्यापुरतं नव्हे: समाजाच्या मध्यम उत्पन्नाशी जोडलेलं आणि देशाच्या एकूण उत्पन्नाबरोबर आपोआप वाढणारं. एप्रिल १९६८ मध्ये हत्या झाली तेव्हा ते मेम्फिसमध्ये होते ते संपावरच्या सफाई कामगारांसाठी. कचरागाडीच्या दाबयंत्रात दोन कामगार चिरडून मेल्यावर तो संप पेटला होता.

तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८३ मध्ये किंग यांच्या नावाच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली. १९९४ च्या कायद्याने तोच दिवस 'सेवा दिन' झाला. म्हणजे स्वयंसेवक व्हा, श्रमदान करा. पगारवाढ मात्र मागू नका!