बीटल्सचा लाल संग्रह: जुना ध्वनी उकलून नव्याने देणे योग्य आहे का?

धागाकर्ता (परभणी): बीटल्स या इंग्लिश बँडच्या सुरुवातीच्या वर्षांतील २६ गाण्यांचा ‘१९६२–१९६६’ हा लाल वेष्टनातला संग्रह १९७३ साली निघाला आणि २०२३ साली ३८ गाण्यांसह पुन्हा प्रसिद्ध झाला. माझा आक्षेप वाढीव गाण्यांना नाही. एकाच ट्रॅकवर (टेपवरच्या ध्वनिपट्टीवर) मिसळलेली वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी काढून त्यांची नव्याने जुळणी केली, याला आहे. ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात त्यांच्या पहिल्या अल्बमची दहा गाणी मुद्रित झाली. सर्दीने घसा बसलेल्या, बँडमधल्या जॉन लेननने ‘ट्विस्ट अँड शाउट’ सर्वांत शेवटी गायले, आणि दुसऱ्यांदा गाऊ लागल्यावर त्याचा आवाज उरलाच नव्हता. त्या आवाजामागे ती अख्खी खोली घुमते आहे. ड्रम सोडवून पुढे आणला की ती खोली नाहीशी होते. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांवर निजामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी रक्षणासाठीच लाखेचे व्हार्निश चढवले होते. ते पुढे पिवळे पडले आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावे लागले.

प्रतिसाद (नांदेड): सर, अजिंठ्याची उपमा मला पटत नाही. भिंत एकच असते. टेप मात्र जशीच्या तशी राहते आणि काम तिच्या प्रतीवर होते. शिवाय आपण ज्याला मूळ म्हणता ते कोणते? दोन ट्रॅकपैकी एकावर आवाज आणि दुसऱ्यावर वाद्ये घेण्यामागे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा हेतू मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र असलेली आवृत्ती, करताना दोन्हींचा तोल साधता यावा, एवढाच होता. तरीही स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज देणाऱ्या, रेकॉर्डवर वाद्ये डावीकडे आणि गाणारे उजवीकडे अशी वाटणी झाली. कॉलेजात असताना नांदेडहून संभाजीनगरला जाणाऱ्या एस.टी.त मी आणि माझा मित्र एकच इअरफोन वाटून हा अल्बम ऐकत होतो. माझ्या कानात नुसती गिटार आणि ड्रम वाजत होते, तर तो शेजारी बसून शब्द गुणगुणत होता; वसमत मागे पडेपर्यंत मला वाटत होते की या बँडचे गाणे असेच बिनशब्दांचे असते! नव्या आवृत्तीत तीच गाणी मी प्रथमच पूर्ण ऐकली.

प्रतिसाद (लातूर): मला तर वाढीव गाणीच महत्त्वाची वाटतात. १९७३ च्या संग्रहात सगळी गाणी बँडमधल्या लेनन-मॅकार्टनी या जोडीचीच होती. त्याच काळात बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने लिहिलेले एकही नव्हते. त्याचे ‘टॅक्समन’ त्यात यायला पन्नास वर्षे लागली.

धागाकर्ता (परभणी): नांदेडकरांचा स्टिरिओबद्दलचा मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. पण मग त्यावरचा उपाय मोनो हाच होता, आणि तो उपलब्धही होता: १९८७ साली पहिले चार अल्बम सीडीवर मोनोतच आले, २००९ साली मोनोचा वेगळा संचही निघाला. जिन्यावरून खाली पाहणारे तेच चौघे, तेच लाल वेष्टन, तेच नाव, आणि आत २०२३ चे मिश्रण! नवा श्रोता हेच १९६३ चे ध्वनिमुद्रण समजून ऐकेल, ही माझी खरी तक्रार आहे.

प्रतिसाद (नांदेड): नावाबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, सर. मिश्रणाचे साल वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर ठळक छापावे आणि त्याच संचात मोनोची तबकडीही द्यावी. मात्र ड्रम पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेऊन बसवावा, हे मला मान्य होणार नाही.